मेंढरं धुळाची, रान अर्जुनाचं

धुळावर लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. लोकांना पुढाऱ्यांच्या आठवणी वाचायच्या असतात. धुळा कधी सरपंच झाला नाही, जेलात गेला नाही, स्टेजवर चढला नाही. जन्मभर मेंढरं वळली आणि एकदाच, सगळ्या वाडीसमोर, हात पुढं केला. त्या एका हातापायी त्याचं रान गेलं. त्या हाताचा मला अजून राग येतो. राग निवला की लिहू म्हणून थांबलो होतो. तो निवत नाही, म्हणून आता लिहितो.

वाडी आटपाडीकडची. नाव घालत नाही. तिथली माणसं अजून बाजारात भेटतात आणि मला रामराम घालतात.

धनगराचं घर. भाऊ दोघं. थोरला अर्जुना, धाकटा धुळा. बाप मेला तेव्हा घरात दोनच गोष्टी होत्या, ओढ्याकाठचं रान आणि मेंढरांचा कळप. रान म्हणजे नुसतं म्हणायला रान. वर मुरूम, खाली खडक. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कुसळं. त्या रानाला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. दौलत म्हणजे मेंढरं. अर्जुनाचा पाय लहानपणी मोडून वाकडा बसलेला, लांबची चाल त्याला झेपायची नाही. म्हणून अर्जुनानं घरी राहून रान बघायचं आणि धुळानं मेंढरं घेऊन मुलूख फिरायचा, असं चालत आलं. वाटणी नव्हे ही, कामाची सोय. धनगरांच्या निम्म्या घरांत अशीच सोय असते, आणि ती कुणी कागदावर लिहीत नाही, कारण भावाला कागद दाखवायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दिवाळी झाली की धुळा घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचा. संगं बायको हरणाबाई. खटाव ओलांडायचा, कोरेगावच्या काळ्या रानांत उतरायचा. तिथले बागायतदार खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात जोंधळा द्यायचे. पावसाच्या तोंडाला सगळी परत वाडीला. मग मेंढरं कातरायची. लोकर अर्जुनाच्या घरात जायची, नर कोकरं अर्जुना बाजारात न्यायचा. त्यातनं घर चाललं, अर्जुनाच्या पोरांची लग्नं झाली, रानात विहीर खोदली गेली. तलाठी गावात यायचा तेव्हा घरी अर्जुना असायचा. धुळा असायचा कोरेगावात. त्यामुळं सातबाऱ्याला नाव लागलं ते एकट्या अर्जुनाचं. धुळानं कधी विचारलं नाही. सही येत नाही त्या माणसाला सातबारा कशाला लागतो?

हरणाबाई मात्र वेगळी होती. फटकळ, काळीसावळी, चालायला नवऱ्याच्या पुढं अर्धं पाऊल. तिच्या जन्माला एकच शब्द चिकटला होता, आणि तो तिनंच मला सांगितला.

"शेतकरी लय गोड बोलून बसवून घेतुय बगा," ती म्हणाली. "लेंडी पडूस्तवर गोड. एकदा रान भरलं की सकाळी बांधावर येऊन हुबा. उटा. पेरायचं हाय, उटा. चुलीवर कालवान असलं तरी उटा. माजी मनू कोरेगावाच्या अंगाला जल्मली, ज्वारीच्या ताटात. बाळंतीन हाय म्हनल्यावर मालकानं एक दिस वाढवून दिला. लय मोटं मन त्येचं. दुसऱ्या दिशी उटा."

मनू ही तिची एकुलती लेक. मुलगा झाला नाही. मनूचं लग्न जतकडं झालं, आणि त्यानंतर हरणाबाईनं नवऱ्याच्या मागं एकच लकडा लावला. ओढ्याकाठच्या आपल्या रानात एक छप्पर घालायचं. चार दगड मांडायचे. जिथनं कुणी उठ म्हणणार नाही अशी एक जागा. तिला बागायत नको होती, डागिने नको होते. एवढंच हवं होतं.

धुळा म्हणायचा, "घालू की. आपलंच रान हाय, पळून जातंय व्हय?"

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या भागात माणसं खडी फोडायला बसली, जनावरं छावणीत गेली. धुळानं मेंढरं पश्चिमेला काढली ती घाटाच्या तोंडापर्यंत नेली, महाबळेश्वरच्या खालच्या डोंगरांत. तिथं गवत होतं. उन्हाळा सरता सरता परतायचं, तर अर्जुनाचा निरोप आला एका मेंढक्याबरोबर, की हिकडं पाणी न्हाई, चारा न्हाई, येऊ नका, हाय तितंच ऱ्हावा. निरोप खोटा नव्हता, हेही सांगायला पाहिजे. वाडीत खरंच पाणी नव्हतं. धुळा राहिला. आणि त्या डोंगरांत मृग कोसळला.

दुष्काळी मुलखातली मेंढरं ती. असला पाऊस त्यांच्या सात पिढ्यांनी बघितला नव्हता. लोकर भिजून वाळेना. चिखलात उभी राहून खुरं कुजली. बसली की उठेनात. रोज सकाळी धुळा मेंढरं कोंडायच्या जाळीतनं मेलेली ओढून काढायचा आणि जित्यांकडं बघत बसायचा. दुष्काळानं मारली नाहीत, पावसानं मारली. परत आले तेव्हा नवरा-बायको, एक घोडं आणि एक कुत्रं एवढंच होतं.

मला ती दोघं भेटली ती यानंतर. सरकारी कामावर पाझर तलाव बांधायचं चाललं होतं आणि मी तिथं मजुरांच्या हजेरीसाठी मुकादमाशी रोज भांडत होतो. हरणाबाई माझ्या बाजूनं मुकादमावर ओरडायची, धुळा मागं उभा राहून तिला "गप की गं" म्हणायचा. त्या तलावाची माती त्या दोघांनी वाहिली. तलाव त्यांच्याच रानाच्या वरच्या अंगाला. पुढच्या पावसात तो भरला आणि खाली अर्जुनाच्या, म्हणजे दोघा भावांच्या, विहिरीला पाणी चढलं. कुसळाच्या रानाची किंमत एका पावसात बदलली. अर्जुनानं इंजिन बसवलं आणि मुरमात गाळ ओढून उसाच्या कांड्या पुरल्या.

तोवर धुळा-हरणाबाई भावाच्या गोठ्यात झोपत होती. भावजय बनाबाई दोन वेळची भाकरी देत होती, तोंड वाकडं न करता. ऊस कोंभारला तेव्हा धुळानं विषय काढला. अर्जुना पाणी पाजत होता.

"दादा, हिरीच्या वरल्या अंगाला एक छपार घालतु म्हनतुय."

अर्जुनानं मान वर केली नाही. "कुनाच्या रानात?"

धुळाला वाटलं, थट्टा. तो हसला. "तुज्या-माज्या."

"तुजं कुटलं रं? बानं मरायच्या आदी वाटनी केली. मेंढरं तुला, रान मला. तुजी वाटनी तू डोंगरात बुडवून आलास. आता माजीत पाय घालतुस व्हय?"

हरणाबाई मागं होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई, पण त्या दिवशी ती पुढं आली.

"भावजी, वाटनी झाली हुती तर दरसाल लोकर कुनाची नेलीसा? कोकरं कुनाची इकलीसा? ही हीर कशावर खांदली?"

"भावानं मायेनं दिलं, म्या घेतलं. न्हाई म्हनून त्येचं मन मोडू व्हय?"

बनाबाई भाकरी घेऊन आली होती. ती बांधावरनं म्हणाली, "आनि रान घिऊन कुनाला ठिवनार गं हरणे? पोटाला पोरगा हाय का तुज्या? शेवटी आमच्याच पोरांचं हुनार न्हवं?"

हरणाबाई त्या दिवशी भाकरीला शिवली नाही. तेव्हा सरकारी काम रस्त्याचं चाललं होतं, दुसऱ्या दिवशी ती तिथं आली ती सरळ माझ्याकडं. म्हणाली, "तुमी मुकादमाला कायदा सांगता. आता भावजीला बी सांगा."

मी चौथी नापास माणूस, पण हिंदू कुटुंबाच्या वाटण्यांचा कायदा मी मराठीत वाचून काढलेला होता, आणि वकिलांपुढं गप बसायची मला सवय नाही. धुळाला घेऊन सांगलीला गेलो. वकील हळदीच्या पेठेत एका माडीवर बसायचा. जिन्यात हळदीचा फुफाटा, धुळा शिंकून शिंकून बेजार. वकिलानं ऐकून घेतलं आणि हसला.

"वडिलोपार्जित जमीन. वाटणीचा कागद नाही. साक्षीदार कोण, तर तो, तुम्ही आणि मयत. वाटणी झाली म्हणतो ना तो? मग त्यानं शाबीत करायचं. कसं करणार? अर्धं रान तुमचं आहे, पाव्हणं. वेळ लागेल, पण तुमचं आहे."

माझी छाती फुगली. धुळा मात्र टोपी हातात फिरवत होता.

"दादाला कोर्टात उबं करनार?"

"करणार की."

"पिंजऱ्यात?"

"मग काय झोपाळ्यावर बसवणार?"

धुळानं टोपी घातली आणि उठला. एस्टीत विट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "दादाला लय येळ उबं ऱ्हावत न्हाई. पाय दुकतुय त्येचा."

मी म्हणालो, "तुझं अर्धं रान खाऊन बसलाय तो. कोर्ट त्याला खुर्ची देईल, तू काळजी करू नको."

"खुर्ची देत्यात व्हय?" असं त्यानं खरंच विचारलं. एस्टीतली माणसं हसली. मी नाही हसलो.

दावा लागला. अर्जुनाच्या घरी बेलीफ नोटीस घेऊन गेला, आणि त्या घरात रडारड झाली. अर्जुना दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मला वाटलं, आता तडजोडीला येतो. तो आला नाही. बिराप्पा आला. बिराप्पा म्हणजे वाडीच्या बिरोबाचा पुजारी, म्हातारा, सगळ्या धनगरांत ज्याचा शब्द चालतो तो.

"अर्जुना म्हनतुय, कोर्ट नगं," बिराप्पा म्हणाला. "देवाम्होरं सोडवू. त्यो भंडारा उचलतुय. उचलला की धुळानं दावा काढून घ्यायचा."

भंडारा म्हणजे देवाची हळद. तिचा ढीग घोंगडीवर घालतात. ज्याला शपथ घ्यायची त्यानं आंघोळ करून ओल्या धोतरानं यायचं, थोरल्या लेकाच्या डोक्यावर डावा हात ठेवायचा, उजव्यानं भंडारा उचलायचा आणि बोलायचं. खोटं बोलला तर वंश बुडतो, अशी समज. एकदा भंडारा उचलला की प्रकरण मिटलं, पुन्हा कुणी ब्र काढायचा नाही. आणि देवाम्होरं यायला जो नको म्हणेल तो तिथंच खोटा ठरला. जातीत त्याला पाणी देणारा मिळत नाही.

मी धुळाला खूप शिव्या घातल्या. म्हणालो, "अरे कोर्टात तू जिंकल्यात जमा आहेस! जिंकलेला माणूस देवळात कशाला जातो? तो हरतोय म्हणून देव आठवलाय त्याला."

"देवाला नगं म्हनू व्हय?" एवढंच तो बोलला.

मला वाटलं, निदान हरणाबाई तरी माझ्या बाजूनं बोलेल. तीही फिरली. तिचं गणित वेगळंच होतं.

"उचलू द्या की," ती म्हणाली. "त्येच्यात तेवडी छाती न्हाई. थोरल्या लेकाच्या, दादासोच्या डोस्क्यावर हात ठिवून खोटं बोलंल त्यो? धोतार वल्लं करूनच जायचं हाय, बरं हुईल, कुनाला कळायचं न्हाई." आणि हसली. हरणाबाईला हसताना मी तेव्हा शेवटचं बघितलं.

रविवार बिरोबाचा. सकाळीच वाडी देवळापुढं जमली. बाप्ये लिंबाखाली, बाया मागं भिंतीकडं. अर्जुनाचा थोरला लेक दादासो ढिगासमोर मांडी घालून बसला. बावीस-तेविसाचा गडी. त्याची बायको बनाबाईजवळ उभी होती, सातवा महिना लागलेला. तिनं एक हात पोटावर धरला होता आणि ओठ हलत होते. याच दादासोला धुळानं खांद्यावर बसवून खरसुंडीची जत्रा दाखवली होती, पहिलं कोकरू धरायला शिकवलं होतं. स्वतःला मुलगा नाही त्या माणसाचा जीव कुठं गुंतणार?

अर्जुना आला. ओलं धोतर, वाकडा पाय, दाढी वाढलेली. खाली बसायला त्याला बिराप्पानं हात दिला.

"बोल," बिराप्पा म्हणाला. "बानं वाटनी केली हुती. मेंढरं धुळाची, रान माजं. हे खोटं असंल तर ह्यो माज्या हाताखालचा वंश बुडू दे. असं बोल आनि उचल."

अर्जुनानं डावा हात दादासोच्या डोक्यावर ठेवला. उजवा हात भंडाऱ्याकडं निघाला आणि मधेच थांबला. हरणाबाईचा अंदाज बरोबर निघतोय असं मला वाटलं. पण मी एक गोष्ट बघितली ती माझ्या डोळ्यापुढनं हलत नाही. त्या वेळी अर्जुना देवाकडं बघत नव्हता. तो धुळाकडं बघत होता.

"उचला की!" मागनं हरणाबाईचा आवाज आला. "का थांबलासा?"

हात पुन्हा निघाला. बोटं हळदीला लागायची, तेवढ्यात धुळा उठला आणि त्यानं भावाचं मनगट धरलं.

"नगं दादा."

"सोड."

"नगं. रान ऱ्हाऊ दे. सगळं घे. भंडारा उचलू नगं."

माणसांत गलका झाला. अर्जुनाचा चेहरा क्षणात बदलला. घाबरलेल्या माणसाचा होता तो फिर्यादीचा झाला. "म्हंजे म्या खोटं बोलनार हुतो व्हय? ऐका रं समदी! ह्यो मला देवाम्होरं खोटा म्हनतुय!"

"न्हाई म्हनत," धुळा म्हणाला.

"मग सांग की वाटनी झाली हुती का न्हाई! माजी अब्रू घिऊन जाऊ नगंस. सांग!"

धुळानं बिरोबाकडं बघितलं, मग दादासोकडं. आणि स्वतःचा हात भंडाऱ्यात घातला. मूठ भरून उचलली.

"झाली हुती," तो म्हणाला. "मेंढरं माजी, रान दादाचं."

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बिराप्पा मला म्हणाला, "तुमी कागदाचं बगा, पावनं. हितलं आमाला कळतंय." धुळा माझ्याजवळनं जाताना हळू बोलला, "त्येच्या मागं केवडं हाय बगा. माज्या मागं कोन हाय? देव माजं काय नेनार?"

त्याच्या मुठीतली हळद बोटांतनं गळत होती. हरणाबाईनं ते ऐकलं. ती किंचाळली नाही. अगदी साध्या आवाजात, पाणी दे म्हणावं तशी, ती म्हणाली:

"मनू हाय की तुमाला."

धुळा थांबला. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वंश म्हणजे मुलगा, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की पोटची लेक त्याला त्या हिशेबात दिसलीच नाही. लग्न करून दिली, परक्याची झाली. आता त्यानं मुठीकडं बघितलं. ती झटकावी की धरून ठेवावी, हे त्याला कळेना. शेवटी टोपीत ओतली आणि टोपी हातात धरूनच घरी, म्हणजे गोठ्याकडं, गेला.

मनूचं पुढं काही वाईट झालं नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर वाचणारे देवाच्या नावानं कानाला हात लावतील. तिला दोन पोरं झाली, धडधाकट. पण त्या पोरांना साधा ताप आला तरी हरणाबाई हातातलं काम टाकून जतला निघायची. जतकडनं निरोप आला की निरोप सांगायच्या आधी ती विचारायची, "जिती हाय न्हवं?" बाईला शपथेनं नाही मारलं. शपथेची वाट बघत जगायला लावलं.

दावा काढून घेतला. सांगलीचा वकील मला म्हणाला, "असली माणसं कशाला आणता हो?" मी त्याला जे उत्तर दिलं त्यानंतर त्या माडीवर मला पुन्हा जाता आलं नाही.

अर्जुना मला पुढं एकदा आटपाडीच्या बाजारात भेटला. मीच अडवलं. म्हणालो, "तो हात धरणार हे तुला ठाऊक होतं का नव्हतं?"

तो दुसरं काही बोलेल, आईची आण घेईल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "माजा भाऊ हाय त्यो. मला ठावं नसंल तर कुनाला?" म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी खोटं नव्हतं. मला सोसत नाही ते हेच. निव्वळ हलकट माणसाशी मी जन्मभर भांडू शकतो.

त्या रविवारच्या पाठोपाठ धुळा-हरणाबाई वाडी सोडून निघाली. घोड्यावर बिऱ्हाड मावलं. एरवी अर्धं पाऊल पुढं चालणारी हरणाबाई त्या दिवशी नवऱ्याच्या कितीतरी मागं चालत होती. वाडीतल्या बायांना वाटलं, बाई सुधारली. तिला त्याच्या बरोबरीनं चालायचंच नव्हतं.

दोघं कोरेगावच्या बाजूला गेली, ओळखीच्या मुलखात. धुळा एका दुसऱ्या धनगराची मेंढरं सालानं राखायला राहिला. तीच रानं, तेच बांध, तोच जोंधळा, पण मेंढरं दुसऱ्याची. हरणाबाई खुरपं घेऊन भांगलणीला जायची. बायका सांगायच्या की ती त्याला वेळेवर जेवायला घालते, अंगावरचं धुते, पण बोलत नाही. मी एकदा गेलो होतो. धुळानं मला चहा पाजला आणि विचारलं, "दादासोला काय झालं?" पोरगा झाला म्हटल्यावर तो खाली बघून हसला. हरणाबाई चुलीपाशी होती. तिनं जाळ फुंकला, धूर आमच्या तोंडावर आला, आणि बोलणं तिथंच संपलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत धुळा खोकल्यानं गेला. शेताच्या कडेला, वाकळेत, सकाळच्या पारी. ज्याचं शेत तो म्हणाला, इथंच ओढ्याला माती देऊ, लांब कुठं नेता? हरणाबाई म्हणाली, "वाडीला." मला निरोप आला तेव्हा मी खटावात होतो. एक कांद्याचा ट्रक रिकामा परत चालला होता, त्या ड्रायव्हरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आम्ही धुळाला ट्रकात घातलं. सगळ्या वाटेत हरणाबाई कांद्याच्या सालपटांत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथं तरी ती त्याच्याशी बोलली का, मला माहीत नाही. मी पुढं ड्रायव्हरजवळ होतो.

वाडीत ट्रक थांबला तशी अर्जुनानं रस्त्यावर अंग टाकलं. धुळीत लोळून रडला. उठवून बसवला तेव्हा हात जोडून सगळ्यांना म्हणाला, "माज्या भावाला माज्या रानात जागा देतु. बांधाच्या कडंला, बोरीखाली, सावलीला. सोन्यासारकी जागा."

त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. आणि रानात माती दिलेल्या माणसावर वर्षानं दगड बसवतात, त्याला निवद दाखवतात. त्या दगडावरनं नांगर नेत नाहीत. माणूस रानाचा राखणदार झाला असं मानतात. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच अर्जुनानं कोपरा दाखवला होता.

माणसं बोरीकडं निघाली. हरणाबाई निघाली नाही. ती उसात शिरली. तुरे आलेला ऊस, माणूस बुडेल एवढा. थोड्या वेळानं पार आतनं तिचा आवाज आला.

"हितं."

अर्जुनाला आधी कळलं नाही. "कुटं हाय गं ती?"

"हितं. मदोमद. हितं खांदा."

"हरणे, अगं मदी ऊस हाय!"

"काढा मग."

बनाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मदी घाटल्यावर नांगर कसा चालवायचा गं?"

"वळवा की," उसातनं आवाज आला. "आमी जलमभर वळलो."

अर्जुनानं माणसांकडं बघितलं. बिराप्पाकडं बघितलं. बिराप्पा म्हातारा झाला होता, काठीवर हनुवटी टेकून उभा. तो म्हणाला, "बाईचं मानूस हाय. तिच्या मनासारकं हुईल." मेलेल्याला जागा देतो असं सगळ्यांसमोर बोलून चुकलेला माणूस आता कसा मागं सरणार? तरी तो म्हणाला, "सकाळपतुर थांबू. इचार करू."

तेवढ्यात दादासोनं विळा घेतला. बापाला विचारलं नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. उसात घुसला आणि कापत सुटला. ज्या डोक्यावर त्या रविवारी हात होता तेच डोकं उसातनं वर-खाली होत पुढं सरकत होतं. मागनं चौघं-पाच जण खोरी-टिकाव घेऊन गेले. उसाच्या मधोमध खळ्याएवढी जागा मोकळी झाली. तिथं खड्ड्यात धुळाला, त्यांच्या रीतीनं, बसता केला, तोंड विहिरीकडं करून. माती लोटताना दादासो रडत होता. अर्जुना बांधावर होता. वाकड्या पायानं त्याला सरीतनं आत येववेना, आणि कुणी त्याला हात दिला नाही.

माणसं पांगली. बनाबाई हरणाबाईला म्हणाली, "आता ऱ्हा की गं हितंच. गोटा मोकळा हाय." हरणाबाईनं विहिरीवर हातपाय धुतले आणि मला विचारलं, कोरेगावची गाडी कुठनं मिळते.

वर्षानं दगड बसला. मी मुद्दाम बघायला गेलो. नव्या लागणीच्या सऱ्या अर्ध्या रानापर्यंत सरळ येतात, दगडापाशी फाटतात, दोन्हीकडनं वळसा घेतात आणि पुढं पुन्हा एक होतात. पाणी पाजायला आता दादासो जातो. अर्जुना त्या अंगाला फिरकत नाही.

हरणाबाईची नि माझी शेवटची भेट कोरेगावच्या अलीकडं झाली, एका बागायतदाराच्या हळदीत. बायकांची दुपारची सुट्टी होती. ती बांधावर बसून भाकरी खात होती. केस पांढरे झाले होते. मी तिला सऱ्यांचं सांगितलं, कशा वळतात ते. तिनं घास थांबवून ऐकून घेतलं.

"आता म्हन म्हनावं त्येला, उट," ती म्हणाली.

मला वाटलं, ती समाधानानं म्हणतेय. तिच्या तोंडाकडं बघितलं तर तसं काही नव्हतं. थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला छपार पायजे हुतं वो. दोगांना. थडगं घिऊन काय करू?"

पलीकडच्या बांधावरनं मालकानं हाळी दिली. "उटा गं बायानू! लय झालं बसनं. वरल्या तुकड्यात चला."

हरणाबाईनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, खुरपं कमरेला खोचलं आणि उठली.